'पॉवर अलार्म' म्हणजे नेमकं काय झालं?

घाटमाथ्यावरच्या मोबाइल टॉवरपाशी बहुतेक वेळा कोणी नसतं. तिथलं बरंवाईट शहरातल्या नियंत्रण कक्षाला कळतं ते पडद्यावरच्या अलार्मवरून. भर पावसात तिथवर जायला टेक्निशियनचा अर्धा दिवस मोडू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी त्याला काय काय ठाऊक आहे, याला फार महत्त्व आहे.

अलार्म कळवण्याची सगळ्यात साधी सोय म्हणजे ड्राय कॉन्टॅक्ट. यंत्रात बिघाड झाला की आतल्या रिलेचे संपर्क जुळतात किंवा सुटतात. साइटवरचं आरटीयू हे उपकरण तो बदल टिपून कक्षाला कळवतं. कळतं ते एवढंच: बिघाड आहे किंवा नाही. काही ठिकाणी तर तारा वाचवण्यासाठी वीज, रेक्टिफायर, बॅटरी सगळ्यांचे संपर्क एकाच जोडणीवर आणलेले असतात. मग पडद्यावर उमटतं, 'पॉवर अलार्म'. रेक्टिफायरचं एक मॉड्यूल बंद पडलं असेल तर बाकीची मॉड्यूलं भार उचलतात. उद्या गेलं तरी चालतं. लाइट गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही, तर आत्ता निघायला हवं. दोन्हींचा अलार्म मात्र एकच!

बॅटरीचंच बघा. टेलिकॉमची यंत्रं ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. त्यासाठी २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. लाइट असताना चार्जर हा संच साधारण ५४ व्होल्टवर ठेवतो. लाइट गेली की व्होल्टेज लवकरच ५०च्या आसपास येतं, मग बराच वेळ हळूहळू उतरतं आणि शेवटी झपाट्याने कोसळतं. ४३-४४ व्होल्टच्या सुमारास बॅटरी वाचवण्यासाठी भार तोडला जातो आणि टॉवर बंद पडतो. नुसत्या 'बॅटरी लो' अलार्मवरून यातलं काहीच कळत नाही. दर पाच मिनिटांनी आकडा येत असेल, तर ४९.८, ४९.७, ४९.६ अशी उतरण बघून डिझेल पाठवायला सवड आहे, हे कळतं. तोच आकडा वीस मिनिटांत ४६वर आला, तर सेलच खराब झाले असण्याची शक्यता मोठी. नुसतं डिझेल नेऊन भागणार नाही. आणि लाइट असूनही व्होल्टेज उतरत असेल, तर आधी चार्जर तपासायचा.

निरोप पोचतो कसा, हेही पाहिलं पाहिजे. एसएनएमपी या प्रणालीतला 'ट्रॅप' सहसा यूडीपीवरून जातो आणि त्याची पोच मिळत नाही. लाइन खराब असताना तो वाटेत हरवू शकतो, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. 'इन्फॉर्म' हा प्रकार पोच मागतो, न मिळाल्यास पुन्हा पाठवता येतो. तरीही कक्षाने स्वतःहून ठरावीक वेळाने आरटीयूला विचारत राहावं. उत्तर आलं नाही तर तोच अलार्म धरावा.

वेळेची नोंद तर हवीच. घाटात फायबर तुटली की पुढच्या सगळ्या साइट एकदम ओरडू लागतात. सगळ्यांची घड्याळं एनटीपीने जुळवलेली असतील तर आधी कोण ओरडलं हे दिसतं, आणि शोध तिथून सुरू करता येतो. अलार्म मिटल्याचीही वेळ यावी; नाहीतर आपोआप परतलेल्या लाइटसाठी माणूस डोंगर चढतो.

तपशील वाढवायचा म्हणजे अलार्मची संख्या वाढवायची नव्हे. वाऱ्याने दार हललं की दर वेळी घंटा वाजू लागली, तर कक्षातला माणूस पडद्याकडे बघेनासा होतो. तिथे काही सेकंदांचा विलंब ठेवावा.

हे सगळं साइट सुरू करतानाच करून घ्यावं. प्रत्येक जोडणीला 'इनपुट ७' न ठेवता 'रेक्टिफायर १, मॉड्यूल ३ बंद' असं नाव द्यावं, सोबत चावी कुणाकडे आहे तेही लिहावं. मग मेनचा एमसीबी खरोखर पाडावा आणि कक्षात फोन लावून पडद्यावर काय आलं ते शब्दन् शब्द वाचून घ्यावं.