बाळाच्या जिभेवर मध नको!

घरात बाळ जन्मले की आजीच्या आनंदाला पारावार राहत नाही. सहाणेवर गुटी उगाळायची, त्यात मध घालायचा आणि बाळाला चाटवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. रहाटणी, काळेवाडी, थेरगावात मराठवाडा-विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्या कुटुंबांनीही ती गावाकडून सोबत आणली. आजीच्या मायेबद्दल आम्हाला शंका नाही. पण वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे आहे, हे आम्ही माता-भगिनींना कळकळीने सांगतो.

मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात ते सहसा रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या कोवळ्या आतड्यात मात्र ते वाढतात व विष तयार करतात. या विषाने स्नायू लुळे पडतात. हाच बोट्युलिझम. तान्ह्या मुलांतील हा आजार १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला.

"आम्ही चार लेकरांना मध चाटवला, काही झाले नाही," असे आजी म्हणेल. खरे आहे, आजार दुर्मीळ आहे. पण बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि मध उकळूनही मरत नाहीत. धूळ-मातीतूनही ते पोटात जातात. ते टाळणे आपल्या हाती नाही. मध न देणे मात्र आहे.

पहिली खूण बहुधा शौचास न होणे. नुसत्या तेवढ्याने घाबरू नये. पण त्यासोबत बाळ दूध नीट ओढत नसेल, रडणे क्षीण झाले असेल, पापण्या जड झाल्या असतील, सावरलेली मान पुन्हा लटकत असेल, तर दृष्ट काढत बसू नका. ताप बहुधा नसतो, म्हणून घरचे गाफील राहतात. पुढे श्वासच अडतो. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा किंवा पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय गाठा. मध दिला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मनाने औषध देऊ नका. काही प्रतिजैविकांनी हा अशक्तपणा वाढतो.

शौचाच्या तपासणीत विष सापडले की निदान पक्के होते; पण अहवालाची वाट पाहत उपचार थांबवायचे नसतात. नळीने दूध आणि गरज पडल्यास श्वासाला यंत्राचा आधार, हा मुख्य उपचार. अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळालेल्या प्रतिविषाने रुग्णालयातील मुक्काम सरासरी पावणेसहा आठवड्यांवरून अडीच आठवड्यांच्या आसपास आला. ते फार महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. तरी वेळेत दाखल केलेली बहुतेक बाळे बरी होतात.

बाबासाहेब आणि माता रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरे गमावली. ते दुःख आपण जाणतो. केवळ परंपरा आहे म्हणून काही मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि वर्षभर मध नाही, एवढे घराघरात ठरवू या. आजीवर रागावू नका. तिला शेजारी बसवून हा मजकूर वाचून दाखवा.

जय भीम!