दुकानाला कुलूप, संगणक मात्र उघडा!

व्यापारी बंधूंनो, रात्री दुकान बंद करताना आपण कुलूप दोनदा ओढून पाहतो. पण ज्या संगणकात उधारीची खाती आणि बँकेचा व्यवहार आहे, त्याच्या कुलपाची चौकशी किती जण करतात?

२६ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केले की, तिच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये, आवृत्ती ६ पासून ११ पर्यंत, गंभीर दोष आहे आणि त्याचा गैरवापर सुरूही झाला आहे. फसवे पान नुसते उघडले, तरी दूर बसलेला माणूस आपल्या संगणकावर स्वतःचे हुकूम चालवू शकत होता. पासवर्ड सांगण्याचीही गरज नव्हती.

हे कसे घडे? कापडाच्या दुकानाचा दाखला घ्या. एक खण रिकामा केला, पण वहीत जुनी नोंद तशीच राहिली. परक्याने त्या खणात आपले गाठोडे ठेवले. नोकर वही पाहून तेच गाठोडे दुकानाचा माल समजून उचलतो. ब्राउझरही सोडून दिलेली स्मृतीतली जागा पुन्हा वापरत होता आणि चोराने तिथे ठेवलेला हुकूम आपलाच समजून बजावत होता.

वेळही वाईट होती. विंडोज एक्सपीची दुरुस्ती कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवली होती. १ मे रोजी या दोषावर दुरुस्ती आली. अपवाद म्हणून ती एक्सपीलाही मिळाली. पण ती मेहेरबानी होती, हक्क नव्हे.

“चालतो आहे, मग बदलायचा कशाला?” हा आपला नेहमीचा सवाल. जुना माग बिघडला की खडखडतो, कापडात दोष दिसतो. ब्राउझरचे तसे नाही. चोर आत शिरला तरी तो मुकाट चालत राहतो.

बहुतेक विंडोज १० संगणकांवर इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. खुद्द विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणून आजच तीन कामे करा. चालू ब्राउझर वापरा आणि येणारी दुरुस्ती टाळू नका. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवा, कारण या दोषातून चोराला तेवढेच अधिकार मिळत, जेवढे बसलेल्या माणसाला होते. हिशेबाची प्रत संगणकाबाहेर ठेवा.

गिऱ्हाइकाचा हिशेब आपल्याकडे अमानत आहे. तिची राखण हाही व्यापाराचाच भाग आहे.