सुटीच्या प्रवासात कुत्र्याला न्यावे का?

मे महिन्याची सुटी लागली की गावी जाण्याचे बेत ठरतात. मग प्रश्न पडतो : घरच्या कुत्र्याला बरोबर न्यावे की मागे ठेवावे? उत्तर देण्यापूर्वी त्याचे शरीर थंड कसे राहते, ते पाहा.

तुम्हाला उकडले की अंगभर घाम येतो. घामाची वाफ होताना शरीरातील उष्णता निघून जाते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, तोही थोडाच. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जीभ, तोंड व श्वसनमार्ग यांतील ओलाव्याची वाफ होते आणि तेथून वाहणारे रक्त निवते. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेल्यास जीव धोक्यात येतो.

आता उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचा विचार करा. आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढू शकते. शिवाय कुत्र्याच्या धापांनी आतली हवा दमट होते व बाष्पीभवन मंदावते. कोकणच्या दमट उन्हाळ्यातही हीच अडचण येते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर ती अधिकच जाणवते.

तेव्हा पहाटेचा प्रवास, वरचेवर पाणी, मुक्कामी सावली आणि सतत कोणाची तरी सोबत एवढे जमणार असेल, तरच त्याला न्या. नाहीतर त्याच्या ओळखीच्या माणसाकडे सोपवा. त्याची सुटी तेथेच सुखाची जाईल.