दोन करवती, मधली पटाशी

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं बोरगाव रेमंडच्या कापड गिरणीमुळे ओळखलं जातं. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा जिल्हा झाला आणि हे गाव छिंदवाड्यातून तिकडे गेलं. पण इथल्या जंगलांची जुनी ओळख सागाची. ‘सीपी टीक’ या नावात जुना मध्य प्रांत आजही विकला जातो. नव्या संसद भवनासाठीही साग नागपूरहून गेला. अशा मुलखासाठी लाकूडकामाच्या यंत्रांवर लिहायचं ठरलं आणि माझं मन एका पात्यावर अडकलं: डॅडो.

कपाटाची फळी उभ्या बाजूत बसवायची तर बाजूला आडवी खाच हवी. आपला वाढई ती कशी करतो? खाचेच्या दोन्ही कडांवर करवतीने काप घेतो आणि मधलं लाकूड पटाशीने उडवतो. डॅडो संच नेमकं हेच काम एका फेरीत करतो. दोन बाहेरची गोल पाती कडा कापतात, मधली मोजक्या दातांची पाती गाभा काढून तळ सपाट करतात. शंभर वर्षांचा हातचा अनुभव पोलादात उतरवावा, इतकी सरळ ही रचना आहे.

पातं निवडताना पहिली नजर दातांवर जायला हवी. बाहेरच्या पात्यांचे दात आलटून-पालटून तिरके घासलेले असावेत आणि किंचित मागे झुकलेले असावेत. असे दात तंतू ओढून काढत नाहीत, आधी कापतात. प्लायवूडवर हे फार महत्त्वाचं, कारण वरचा पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. एकच पातं तिरकं बसवून डुलत फिरवायचा स्वस्त प्रकारही मिळतो, पण त्याच्या खाचेचा तळ किंचित गोलसर निघतो. फळी तळाला टेकत नाही आणि सरस नीट धरत नाही.

मला सगळ्यात मोलाच्या वाटल्या त्या पात्यांमध्ये घालायच्या कागदासारख्या पातळ चकत्या. हे संच बहुधा इंचाच्या हिशेबाने बनतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. आपलं प्लाय १८ चं. पाऊण इंचाची खाच पाडली की फळी मिलिमीटरभर खुळखुळते. त्याऐवजी बाहेरची दोन पाती मिळून ६.३५, मध्ये पाव इंचाच्या निम्म्या जाडीची तीन आणि त्याच्याही निम्म्या जाडीचं एक पातं घातलं की सुमारे १७.४६ होतात. अर्ध्या मिलिमीटरची चकती घातली की १७.९६. तेही छापील जाडीवर विसंबून नाही. फळी कॅलिपरने मोजायची, टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून बघायची. धार कितीही चांगली असो, माप चुकलं तर खाच वायाच.

आता काळजीची गोष्ट. पूर्ण खाच पाडताना पातं लाकडाच्या आतच फिरतं. त्यामुळे पात्यामागची पोलादी पट्टी आणि नेहमीचं गार्ड काढावं लागतं. लाकूड उसळून मागे आलं तर हात पात्यावर जाऊ शकतो. युरोपात बनणाऱ्या बहुतेक यंत्रांचा शाफ्ट म्हणूनच आखूड ठेवतात; जाड संच त्यावर बसतच नाही. आपल्याकडच्या सर्कल मशीनचा शाफ्टही आधी मोजायला हवा. नट पूर्ण आट्यांवर बसत नसेल तर तो संच त्या यंत्रासाठी नाही, मग किंमत कितीही सवलतीची असो. मधल्या पात्यांचे दात बाहेरच्या पात्यांच्या खळग्यांत पडले पाहिजेत. कार्बाइड कठीण असतं तितकंच ठिसूळ; दाताला दात लागला की तुकडा उडतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ चं कलम २१ धोकादायक यंत्रभागांना आडोसा सक्तीचा करत होतं. मात्र तो कायदा ठरावीक कामगारसंख्येच्या वरच लागू होत असे. दोन-तीन माणसांचं फर्निचरचं दुकान त्याच्या बाहेर राहायचं, आणि तिथेच हातातल्या कटरचं गार्ड काढून खाचा मारल्या जातात. हे मला अस्वस्थ करतं. सुरक्षित वाट आहे: राउटरला सरळ बिट आणि कडेला घट्ट बांधलेली पट्टी. वेळ जास्त लागतो, पण खाच स्वच्छ येते. धूळ मात्र दोन्हीकडे उडते, आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून सिद्ध आहे. मास्क हवाच.

डॅडो उत्तम हत्यार आहे, हे मी मनापासून म्हणतो. पण लांब शाफ्ट, वरून झाकणारं गार्ड, फळी ढकलायचा ठोकळा आणि शिकवणारा जाणता माणूस, या चार गोष्टी असतील त्याच दुकानात तो यावा. एक जरी कमी असेल, तर संचाचे पैसे आधी तिच्यावर घालावेत.