नाताळनंतरचे रक्तसाक्षी

नाताळ म्हटले की गव्हाणीतील बाळ येशू, अंगणातील चांदण्या, केक आणि मध्यरात्रीची प्रार्थना डोळ्यांसमोर उभी राहते. २५ डिसेंबर सरला की अनेकांच्या लेखी हा सण संपतो आणि नववर्षाचे वेध लागतात. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत मात्र नाताळ आठ दिवसांचा, १ जानेवारीपर्यंतचा आहे. या आठवड्यात ज्यांचे स्मरण केले जाते, त्यांची नावे पाहिली तर नवल वाटते. २६ तारखेला दगडमार करून ठार केलेला स्तेफन, २८ला राजाज्ञेने मारली गेलेली बालके आणि २९ला स्वतःच्याच कॅथेड्रलमध्ये तलवारीने कापले गेलेले आर्चबिशप. जन्मोत्सवाला लागूनच हे मृत्यू का?

याचे पहिले उत्तर पंचांगाचे आहे. प्राचीन ख्रिस्ती परंपरेत संताचा सण सहसा त्याच्या मृत्यूच्या दिवशी साजरा होतो. मृत्यू म्हणजे स्वर्गातील जन्म, अशी त्यामागील श्रद्धा. मराठी माणसाला पुण्यतिथीमुळे ही कल्पना अपरिचित नाही. ‘मार्टिर’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘साक्षीदार’ असा आहे आणि मराठी ख्रिस्ती समाजातील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द तो अर्थ नेमका पकडतो. सन ४११ मध्ये लिहिलेल्या सिरियाक भाषेतील रक्तसाक्षींच्या यादीत २६ डिसेंबरला स्तेफनचे आणि २७ला योहानाचे नाव आढळते. म्हणजे ही परंपरा किमान सोळाशे वर्षांची आहे.

पहिला साक्षीदार

स्तेफनची कथा बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्ती समुदायात विधवांना होणाऱ्या अन्नवाटपावरून तक्रारी झाल्या. वाटप न्याय्य व्हावे म्हणून सात सेवक निवडण्यात आले. स्तेफन त्यांपैकी एक. धर्मनिंदेच्या आरोपावरून त्याला शहराबाहेर नेऊन दगडमार करण्यात आला. मारणाऱ्यांना क्षमा मिळावी, अशी प्रार्थना करीत त्याने प्राण सोडला. दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवली होती. हाच शौल पुढे संत पौल झाला.

क्रिकेटमुळे भारतीयांच्या परिचयाचा झालेला ‘बॉक्सिंग डे’ हा स्तेफनचाच दिवस. आयर्लंड, इटली, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथे या दिवशी सार्वजनिक सुटी असते. व्हिएन्नाचे प्रसिद्ध कॅथेड्रल त्याच्याच नावाचे आहे आणि गोव्यात तिसवाडीतील सांत इस्तेव्ह बेटालाही त्याचेच नाव मिळाले आहे.

२७ डिसेंबर हा प्रेषित योहानाचा दिवस. बारा प्रेषितांपैकी नैसर्गिक मृत्यू आलेला हा एकटाच, असे परंपरा सांगते. त्याने विषाचा पेला निर्धोकपणे पचविल्याची आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ जर्मन भाषक प्रदेशांत या दिवशी द्राक्षारसाला आशीर्वाद देण्याची प्रथा पडली.

बेथलेहेमची बालके

२८ डिसेंबरचा दिवस सर्वांत व्याकूळ करणारा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार, नवा राजा जन्मल्याचे पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांकडून कळल्यानंतर पुढे हेरोदाने बेथलेहेम व परिसरातील दोन वर्षांखालील सर्व मुलगे मारण्याची आज्ञा दिली. योसेफ व मरीया बाळाला घेऊन इजिप्तला निघून गेले होते. बाकीची बालके वाचली नाहीत. हेरोदाच्या क्रौर्याची सविस्तर नोंद करणारा इतिहासकार जोसेफस या घटनेचा उल्लेख करीत नाही. त्यामुळे ती ऐतिहासिक आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र संशयापोटी हेरोदाने पत्नी आणि तीन पुत्रांना मृत्युदंड दिल्याचे जोसेफसनेच नोंदविले आहे.

ज्यांना बोलताही येत नव्हते, त्यांना साक्षीदार कसे म्हणावे? मध्ययुगीन धर्मपंडितांनी याचे उत्तर तीन दिवस एकत्र मांडून दिले. स्तेफनने मरण इच्छेने पत्करले आणि ते त्याला आले. योहानाची तयारी होती, पण मरण आले नाही. बालकांची इच्छा कोणी विचारलीच नाही, मरण मात्र आले. साक्षीच्या या तीन तऱ्हा बाळ येशूच्या सोबतीला आहेत, असा अर्थ त्यांनी लावला. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत हाच दिवस ‘एप्रिल फूल’सारखा थट्टामस्करीचा असतो, हा परंपरेचा एक विलक्षण फेरा.

राजा आणि आर्चबिशप

२९ डिसेंबर ११७० रोजी इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये चार सरदारांनी आर्चबिशप टॉमस बेकेट यांची हत्या केली. बेकेट एके काळी राजा दुसरा हेन्री याचे चॅन्सेलर आणि निकटचे मित्र. ११६२ मध्ये राजाच्याच आग्रहाने ते आर्चबिशप झाले. गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूंना शिक्षा राजाच्या न्यायालयाने द्यावी की धर्मसभेच्या, यावरून दोघांत वितुष्ट आले. कायदा सर्वांना समान असावा असे मानणाऱ्या आजच्या वाचकाला या वादात राजाची बाजू पटू शकेल. पण सत्तेपुढे न झुकण्याची किंमत बेकेट यांनी प्राणांनी मोजली आणि लोकांच्या मनात तेच राहिले. ११७३ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पुढच्याच वर्षी खुद्द राजाने त्यांच्या कबरीपाशी प्रायश्चित्त घेतले. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील यात्रेकरू निघाले आहेत ते याच समाधीकडे. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये ती उद्ध्वस्त केली.

वर्षाचा शेवटचा दिवस पोप सिल्व्हेस्टर यांचा. जर्मन भाषेत ३१ डिसेंबरला ‘सिल्व्हेस्टर’ असेच म्हणतात. सन ३१४ ते ३३५ या त्यांच्या कारकिर्दीत रोमन साम्राज्यातील छळ ओसरला होता. रक्तसाक्षी न होताही संत म्हणून पूजले गेलेल्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते.

या तारखा कोणी एका बैठकीत ठरविल्या नाहीत. त्या शतकानुशतके जुळत गेल्या आणि अर्थ मागाहून लावला गेला. तरीही नाताळच्या गोडव्याला या दिवसांमुळे एक गंभीर किनार लाभली आहे. गव्हाणीतील बाळावर श्रद्धा ठेवण्याची किंमत मोजावी लागते, हे ख्रिस्तसभा दुसऱ्याच दिवशी भाविकांना सांगते. सणाच्या झगमगाटात ते सहज नजरेआड होते, पण दिनदर्शिकेने ते पुसू दिलेले नाही.