पाकिटातले ओट्स आणि शेतातला ओट

ओट्स हे परदेशी धान्य, आपल्याकडे पिकतच नाही, असं सुपरमार्केटातलं पाकीट पाहून वाटतं. पण दुभती जनावरं असलेले आपले कितीतरी शेतकरी ओट पेरतात, तो चाऱ्यासाठी. पाण्याची सोय असेल तर रब्बीत ‘केंट’ किंवा राहुरी कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाण टाकायचा. साधारण 50-55 दिवसांत पहिली कापणी, फुटवे वाढले की दुसरी. गोठ्यात म्हैस हिरवा ओट खाते आणि घरात मालक पाकिटातला!

‘ओट्स म्हणजे आपला जवच’ हेही खरं नाही. जवाची ओंबी घट्ट, लांब कुसळांची. ओटाला मोकळा, फांद्या फुटलेला तुरा येतो आणि दाणे त्यावर खाली लोंबतात. दोघांचा इतिहास मात्र एकमेकांत अडकलेला आहे: गहू-जवाच्या शेतात ओट आधी तण म्हणून घुसला. युरोपातल्या थंड, ओल्या हवेत तो गव्हापेक्षा बरा तगला, तेव्हा त्याला पिकाचा मान मिळाला.

ओट्स कच्चे असतात, शिजवल्याशिवाय बाधतात, अशी भीती अनेकांना असते. पण पाकिटातले ओट्स कच्चे नसतातच. मळणी झाली तरी ओटाच्या दाण्याचं टरफल सुटत नाही. ते वेगळं काढलं की आत लांबट, एका अंगाला खाच असलेला दाणा मिळतो. त्यात गव्हापेक्षा तेल जास्त, शिवाय तेल फोडणारं लायपेज नावाचं विकर. दाणा फुटला की हे विकर कामाला लागतं आणि पीठ खवट, कडवट होतं. म्हणून कारखान्यात दाण्याला आधी वाफ देऊन विकर निकामी करतात, मग रोलरखाली चपटा करतात. थोडक्यात, पोह्यांचाच प्रकार. त्यामुळे पाकिटातले ओट्स कुंडीत पेरले तर उगवणार नाहीत, पण दुधात भिजवून तसेच खाल्ले तर चालतात. ‘इन्स्टंट’ ओट्स जास्त पातळ लाटलेले असतात. ते लवकर शिजतात आणि रक्तातली साखरही लवकर चढवतात.

ग्लुटेनचा त्रास असलेल्यांनी ओट्स बिनधास्त खावेत, हाही सल्ला धोक्याचा. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात, गिरणीत गहू मिसळतो. शिवाय सेलिअ‍ॅक या ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराच्या काही रुग्णांना ओटामधलं अ‍ॅव्हेनिन हे प्रथिनही सोसत नाही.

राहिला ओट्सनी कोलेस्टेरॉल उतरतं हा दावा. तो खोटा नाही, फुगवलेला आहे. ओट्स शिजताना जो बुळबुळीतपणा येतो, तो बीटा-ग्लुकान या तंतूमुळे. तो आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो. नवी बनवण्यासाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली हा दावा मान्य केला, तो रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जात असेल तर. त्यासाठी 70-75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. स्मूदीवर भुरभुरलेल्या दोन चमच्यांनी काही होत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. 2005 साली तोच दावा जवालाही लागू झाला. किराणा दुकानातल्या जवाच्या पुडीवर मात्र ओट्सच्या पाकिटावर असतं तसं लाल हृदय छापायला अजून कोणी पुढे आलेलं नाही.