वाहन-दृश्यता

वाहन-दृश्यता : रस्त्यावरील वाहन इतरांना पुरेशा अंतरावरून व निःसंदिग्धपणे दिसण्याचा गुण. चालकाला रस्ता दिसणे आणि त्याचे वाहन इतरांना दिसणे या भिन्न गोष्टी असून येथे दुसरीचा विचार केला आहे.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांत या प्रश्नाचे गांभीर्य विशेष जाणवते. मुंबई–गोवा महामार्ग, महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट आणि भोरकडे जाणारा वरंधा घाट येथे पावसाळ्यात मुसळधार पाऊस, धुके व तीव्र वळणे एकत्र येतात.

ताशी ६० किमी. वेगाचे वाहन सेकंदाला सु. १७ मी. अंतर कापते. अडथळा ओळखून ब्रेक दाबण्यास २ सेकंद धरल्यास ३४ मी. आणि ओल्या, सपाट रस्त्यावर थांबेपर्यंत आणखी सु. ३५ मी. लागतात, उतारावर त्याहून अधिक. खाली वळविलेल्या झोतात मात्र बिनदिव्याचा, मळकट मालट्रक पुष्कळदा ५० मी.च्या आतच दिसतो. तो दिसतो तेव्हा थांबण्याची संधी टळलेली असते.

यावर परावर्तक पट्टी हा स्वस्त उपाय आहे. तीमधील सूक्ष्म काचमणी किंवा लोलक पडलेला प्रकाश उगमाच्या दिशेनेच परत पाठवितात. त्यामुळे मागील चालकाला वाहनाची रुंदी व आकार दुरून कळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत परावर्तकांची तरतूद आहे. मालवाहू वाहनांना पुढे पांढरी, मागे तांबडी व बाजूंना पिवळी पट्टी लावतात. चिखल साचल्यास मात्र ती निरुपयोगी ठरते.

रंगाचाही परिणाम होतो. अंधुक प्रकाशात डोळ्याची कमाल संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरवरून सु. ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीकडे सरकते (पुर्किन्ये परिणाम). म्हणून दिवसा ठळक दिसणारी तांबडी एस. टी. बस सायंकाळी काळपट भासते व तिची ओळख दिव्यांवरच अवलंबून राहते. दिवसाही दिवे उपयुक्त असतात : स्वीडनने १९७७ मध्ये ते सक्तीचे केले, भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे आपोआप लागतात. धुक्यात वरचा झोत जलकणांवरून विखुरला जाऊन चालकालाच दिपवितो. तेथे खालचा झोतच योग्य.

सर्वाधिक धोका बंद पडलेल्या वाहनाचा असतो. त्यामागे दगड व झाडाच्या फांद्या ठेवण्याची पद्धत घाटांत आढळते. परंतु फांदी प्रकाश परत पाठवीत नाही आणि मागे राहिलेले दगड नवा अडथळा बनतात. परावर्तक त्रिकोण वाहनालगत न ठेवता वळणाच्या अलीकडे, येणाऱ्या चालकाला थांबण्यास अवधी मिळेल इतक्या अंतरावर ठेवणे आवश्यक असते.